सत्तेचाळीस किलोमीटरची मोटारसायकल

'विकणे आहे' हे दोन शब्द लिहायला मला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोनं खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या वेळात लोक एक गाडी विकून दुसरी घेतात."

तिला घाई होती. चारचाकी चालवायची परीक्षा ती पहिल्याच फटक्यात पास झाली होती, एक छोटीशी वापरलेली गाडी तिनं पाहूनही ठेवली होती, आणि आमच्या इमारतीत प्रत्येक घराला गाडी लावायला जागा एकच. त्या जागेत माझी मोटारसायकल उभी होती.

मोटारसायकल साधीसुधी नव्हे. कंपनीनं असल्या फक्त तीनशे काढल्या. एरवी लोक गाडी घेतात आणि मग गल्लीबोळातल्या कारागिराकडून लांब हँडल, रुंद चाक, रंगीत टाकी असे तिचे लाड पुरवतात. इथे ते सगळं कारखान्यानंच हातानं करून दिलं होतं. टाकीला तांब्याचा रंग, आणि त्यावर एक छोटी पितळी पट्टी : १३९/३००. म्हणजे माझ्याआधी एकशे अडतीस शहाणे होऊन गेले होते आणि माझ्यानंतर एकशे एकसष्ट. ती माझ्याकडे कशी आली हे विचारू नका. पंचेचाळिशीत कोणी केस काळे करतं, कोणी पेटी शिकायला लागतं. मी सोडतीत नाव घातलं, आणि ते लागलं.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. बावीस वर्षं दुकानदारांचे काटे, दूधवाल्यांची मापं आणि पेट्रोल पंपाची यंत्रं तपासतोय. ज्याचं माप खोटं, त्याची मी गय केलेली नाही. इमारतीत मला सगळे 'काटेसाहेब' म्हणतात, आणि मला ते आवडतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या खात्यातल्या माणसाला शोभणारं नव्हतं.

गाडी घरी आली त्याच दिवशी मी तिच्यावरून पडलो. पडलो म्हणजे काय, कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबलो आणि ती डावीकडे कलायला लागली. मीही कललो. गाडीचं वजन दोनशे त्रेचाळीस किलो, माझं बासष्ट. यात कोण कोणाला सावरणार हे सांगायला काटा लागत नाही. आम्ही दोघं अगदी सावकाश, कुठलीही घाई न करता रस्त्यावर आडवे झालो. चौघांनी मिळून आधी गाडी उचलली. मग एकाला माझीही आठवण झाली. गाडी ढकलत परत आणायला जवळच्या पंक्चरवाल्यानं मदत केली, आणि हे कुणाला सांगू नकोस असं मी त्याला बजावलं.

पण इमारतीत तोवर पेढ्यांशिवाय सगळं अभिनंदन होऊन चुकलं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले होते, "आता काय, काटेसाहेब दर रविवारी डोंगरात!" मग जाणं भाग होतं. दर रविवारी सकाळी सात वाजता मी जाकीट, हातमोजे, हेल्मेट असा सगळा साज चढवायचो, फाटकातून दिमाखात बाहेर पडायचो, डावीकडे वळायचो आणि दोनशे मीटरवर पंक्चरवाल्याच्या टपरीमागे गाडी उभी करायचो. तिथे जुन्या टायरवर बसून पेपर वाचायचो, त्याच्या स्टोव्हवरचा चहा प्यायचो आणि दहा वाजता परत यायचो. चहा सुरुवातीला फर्मास असायचा. महिन्याभरात तो अगोड व्हायला लागला. माणूस साखरेच्या बाबतीत चिक्कू निघाला असं मला वाटलं, पण तोंड उघडणं मला परवडणारं नव्हतं.

परत आलो की लोक विचारायचे, कुठे गेला होतात? तीन तास कुठे तरी जायलाच हवं ना! मग मी घाट सांगायचो, पुलावरचं धुकं सांगायचो, वळणावर अचानक दिसणारं एक तळं सांगायचो. तळं तर इतकं जमून गेलं की सेक्रेटरींनी एकदा मला रस्ता विचारला आणि सहकुटुंब तिकडे गेले. आल्यावर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही.

तर अशी एकशे पंधरा रविवारची चारशे-चारशे मीटर, अधिक पहिल्या दिवसाचा सिग्नलपर्यंतचा जाऊन-येऊन एक किलोमीटर. गाडीच्या मीटरवर बरोबर सत्तेचाळीस आकडा होता. मीटर चोख होतं, यात शंका नाही.

जाहिरातीत मी कारखाना लिहिला, रंग लिहिला, पट्टीवरचा नंबर लिहिला. किती चालली ते लिहिलं नाही. लागलीच फोन सुरू झाले, आणि प्रत्येक माणूस नमस्काराच्या आधी विचारायचा, "किती चालली?" मी म्हणायचो, "माफक." एकानं विचारलं, माफक म्हणजे किती हजार? मी फोन ठेवला.

इमारतीत सल्ल्यांना ऊत आला. सेक्रेटरी म्हणाले, विकताना जरा रडवेला चेहरा ठेवा, भाव चढतो. तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, टाकी टूथपेस्टनं घासा. त्यांच्याकडे नमुन्याच्या ट्यूबा पडून होत्या, त्यातल्या चार त्यांनी आणूनही दिल्या. मी घासली. तीन दिवस गाडीला पुदिन्याचा वास येत होता. माझा मेव्हणा म्हणाला, आधी सरकारी कागद करून घ्या. मेव्हण्याला गाड्यांतलं सगळं कळतं. निदान तो तसं समजतो, आणि बायकोचा सख्खा भाऊ असल्यामुळे मीही तसंच समजतो.

कागदांसाठी सोमवारी गाडी वाहन कार्यालयात न्यावी लागली. तिथे जायला सहा सिग्नल. मी मेव्हण्याला टेम्पो आणायला सांगितला. "नव्या मालकाला धूळ लागलेली द्यायची का?" असं सेक्रेटरींना सांगून आम्ही तिला चादर पांघरून नेली.

खिडकीतल्या कारकुनानं गाडीभोवती एक फेरी मारली. "हँडल बदललंय."

"बदललेलं नाही. कारखान्यातून असंच आलंय."

"या मॉडेलला असं हँडल नसतं."

"तीनशे गाड्यांना असतं."

"मग मूळ हँडल कुठाय?"

"हेच मूळ."

"बदलल्याचं परवानगीपत्र?"

"अहो, बदललंच नाही तर परवानगी कशाची?"

"म्हणजे परवानगी न घेता बदललंय," असं म्हणून त्यानं फाइल मिटली.

कंपनीचं पत्र, त्याच्या तीन प्रती, प्रत्येक प्रतीवर शिक्का असं सगळं झाल्यावर दुपारी चार वाजता त्यानं फॉर्मवर लिहिलं, 'हँडल : मूळचेच बदललेले.' हा शेरा वाचून मला इतका आनंद झाला की बाकीचा फॉर्म न वाचताच मी सही ठोकली. बावीस वर्षं मी दुकानदारांना सांगत आलोय, सही करण्याआधी वाचत जा.

घरी आलो तर एका घड्याळजीचा फोन. त्यांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं आणि घरी अशाच मोजक्या संख्येनं निघालेल्या सहा मोटारसायकली होत्या. सातवी माझी हवी होती. ते मऊ आवाजात म्हणाले, "रविवारी सकाळी येतो. मी आधी मीटर वाचतो. बाकी मग बोलू."

रविवार सकाळ म्हणजे सगळी इमारत खाली जमणार. हा मनुष्य वाकून मीटर वाचणार, आणि सत्तेचाळीस हा आकडा सर्वांसमक्ष जाहीर होणार. घाट, पूल, धुकं, तळं सगळं सत्तेचाळीस किलोमीटरांत! त्यानंतर मी कुठल्या तोंडानं लोकांचे काटे तपासणार होतो? मला त्या क्षणी गाडीच्या किमतीचं काही पडलेलं नव्हतं. अब्रू वाचली की पुरे.

मेव्हण्याला विश्वासात घेणं भाग होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, जराही हसला नाही, आणि याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. तो म्हणाला, "भावजी, लोक मीटर मागे घेतात. पुढे न्यायचंय म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"मीटरला हात लावायचा नाही," मी बजावलं. "सील तोडणं माझ्यानं व्हायचं नाही."

"हात कशाला लावायचा? मीटर मागच्या चाकावर चालतं. मागचं चाक स्टँडवर उचलायचं, गिअर टाकायचा, आणि बसायचं."

मी कायद्याच्या अंगानं विचार केला. चाक खरंच फिरणार, मीटर खरंच मोजणार. यात खोटं कुठे आलं? गाडी जागची हलली नाही, हा गाडीचा प्रश्न. असा विचार एखाद्या दूधवाल्यानं माझ्यापुढे मांडला असता तर मी त्याला दारात उभा केला नसता.

मंगळवारपासून चार दिवस रजा टाकली. मागचं चाक उचललं, आणि उभ्या गाडीचं इंजिन तापू नये म्हणून समोर घरचा टेबलफॅन लावला. मी वर बसलो, ताशी साठचा वेग धरला आणि निघालो. म्हणजे निघालो नाही. रोज साडेचार तासांच्या वर मी गाडी लावायच्या जागेत, खांबाकडे तोंड करून, ताशी साठनं बसून होतो. पहिल्या दिवशी हेल्मेट घातलं होतं. मग ते हास्यास्पद दिसेल म्हणून काढलं.

"काय चाललंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"विकण्याआधी इंजिन मोकळं करतोय."

"मोकळं? तुमच्या घाटानं झालं नाही?"

"हे वेगळं मोकळं."

बुधवारी दंतवैद्य दवाखान्यातून हातमोज्यांसह बाहेर आले. "काटेसाहेब, मी ड्रिल बंद केलं तरी पेशंटला वाटतं ते चालूच आहे. एकजण तोंड उघडायलाच तयार नाही." मग त्यांच्या पेशंटच्या वेळा बघून मी माझा प्रवास ठरवायला लागलो. गुरुवारी बायको खाली आली, माझ्याकडे बघितलं, टेबलफॅनकडे बघितलं आणि म्हणाली, "येताना फॅन वर आणा." पेट्रोल पंपावर तर आणखीच कठीण. एका दिवसात दोनदा कॅन घेऊन आलेला निरीक्षक तिथल्या माणसानं पाहिला नव्हता. घाबरून त्यानं मापापेक्षा जरा जास्तच भरलं, आणि त्याबद्दल मी त्याला तंबी दिली.

शुक्रवारी संध्याकाळी मीटर अकराशे त्रेपन्नवर आलं. अकरा हजार काही होणार नव्हते, पण एका हाडाच्या प्रवाशाला चारचौघांत मान वर करण्यापुरते होते. कंबर मात्र अकरा हजारांची दुखत होती.

रविवारी घड्याळजी बसनं आले. बारीक चणीचा माणूस, शर्टाच्या खिशात डोळ्याला लावायचं भिंग. अपेक्षेप्रमाणे सगळी इमारत हजर होती. बायकोही होती, आणि टपरी बंद ठेवून पंक्चरवालाही आला होता, हे मला खटकलं. घड्याळजींनी पितळी पट्टीवरून बोट फिरवलं, टाकीचा वास घेऊन कपाळाला आठी घातली, मग वाकून मीटर वाचलं.

"अकराशे त्रेपन्न," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. "फार चालली हो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "फार?"

"असल्या गाड्या चालवायच्या नसतात, साहेब. जपायच्या असतात. माझ्या सहांपैकी एकही शंभरावर नाही. शंभराच्या आत असती तर तुम्ही म्हणाल त्या भावाला आत्ता घेतली असती."

चार दिवस साडेचार-साडेचार तास मी स्वतःच्याच गाडीची किंमत कमी करत बसलो होतो, तेही रजा टाकून.

सेक्रेटरींना मात्र माझा अपमान सहन झाला नाही. "अहो, फार कशी? हा माणूस एका रविवारी घाट करून यायचा! मला तर अकराशे कमीच वाटतात."

घड्याळजी तोवर भिंग लावून पुढच्या टायरपाशी उकिडवे बसले होते. "कमाल आहे," ते पुटपुटले. "अकराशे किलोमीटर झाले आणि टायरचं जावळ अजून उतरलेलं नाही." नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, ते सगळे जागच्या जागी होते. मग त्यांनी कागद मागितले. वाहन कार्यालयाचा फॉर्म वाचता वाचता ते थांबले, आणि सही करताना मी न वाचलेली ती ओळ मला आत्ता दिसली.

"इथे सोमवारी मीटर सत्तेचाळीस लिहिलंय. तुमची सही आहे. सहा दिवसांत अकराशे सहा किलोमीटर?" ते उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती काळजी होती. "साहेब, तुम्ही वजनमापेवाले आहात असं कळलं, म्हणून तर मी निश्चिंत होतो. तुम्हीच सांगा. हे मीटर खरं आहे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सबबी तयार होत्या. मीटर नादुरुस्त झालं, कारकुनानं चुकीचं लिहिलं, तो तर हँडल मूळचंच बदललेलं आहे असं लिहिणारा माणूस. पण बावीस वर्षांत हाच प्रश्न मी किती जणांना विचारला होता! त्यांचे चेहरे मला आठवले. खोटं बोलायच्या आधी प्रत्येकजण एकदा काट्याकडे बघतो. मीही मीटरकडे बघत होतो.

"खोटं आहे," मी म्हणालो. "सत्तेचाळीस खरं. बाकीचं इथेच बसून फिरवलंय." आणि एकदा बोलायला लागलो तसा सगळंच बोललो. सिग्नल, टपरी, पेपर, घाट नाही, धुकं नाही. शेवटी म्हणालो, "तळंही नाही." असली शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

सेक्रेटरी खाकरले. "टपरीचं म्हणताय होय? ते माहितीये की."

"माहितीये?"

"आमच्या गॅलरीतून ती टपरी दिसते ना. आणि तळ्यावर गेलो तेव्हा तर शंकाच उरली नाही. तिथे विटांची भट्टी होती." ते जरा संकोचले. "आठ दिवस बोललो नाही खरा. पण पुढच्या रविवारी तुम्ही ते पुलावरचं धुकं सांगितलंत, आणि म्हटलं, जाऊ दे. इतकं छान कोण सांगतं?"

मी दंतवैद्यांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मेव्हण्याकडे पाहिलं. तो खांब बघत होता. मग मी बायकोकडे वळलो. "तुलाही?"

"त्याच्या चहात साखर कमी कुणी करायला सांगितली असेल?" ती म्हणाली. "डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय ते तुम्ही विसरता. मी पहिल्याच महिन्यात टपरीवर जाऊन आले."

"वहिनींनी चमच्यानं मोजून दाखवली होती," पंक्चरवाला म्हणाला. "सपाट अर्धा."

शंभरावर रविवार मी त्या माणसाला मनातल्या मनात चिक्कू म्हणत आलो होतो. मला एकदम भरून आलं, आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला. दंतवैद्यांनी पाठीत थाप मारली.

घड्याळजींनी भिंग खिशात ठेवलं. ते म्हणाले, "म्हणजे रस्त्यावर सत्तेचाळीस, आणि जागच्या जागी अकराशे सहा. अशी गाडी तीनशेत दुसरी नसणार." त्यांनी गाडी घेतली. भाव मी मनात धरलेल्यापेक्षा खाली होता, पण मी हुज्जत घातली नाही. त्यांची एकच अट होती. हे सगळं माझ्याकडून लिहून हवं होतं. मी तिथेच टाकीवर कागद ठेवून लिहिलं, 'प्रमाणित करण्यात येते की सदर वाहन प्रत्यक्षात ४७ किलोमीटर चालले असून उर्वरित अंतर स्थिर अवस्थेत कापले आहे.' या वेळी दोनदा वाचलं, आणि मग सही केली.

पुढच्या रविवारी सवयीनं साडेसहालाच जाग आली. खाली त्या जागेत बायकोची छोटी गाडी उभी होती. मी खिडकीतून बघत होतो, तेवढ्यात ती चावी घेऊन आली. "चला. ते तळं कुठेय ते दाखवा."

"अगं, तळं नाहीच."

"मग शोधू या. जाकीट घाला, सकाळची गार हवा आहे."

टपरीपाशी थांबून आम्ही सपाट अर्ध्या चमच्याचा चहा घेतला आणि निघालो. सिग्नल आला. ती थांबली, गाडी कुठेही कलली नाही, आणि आम्ही पुढे गेलो. मग शहर संपलं, चढ लागला. मी शेजारी बसून तिला वळणं सांगत होतो आणि ती ऐकत नव्हती. एका वळणावर तिनं गाडी कडेला घेतली आणि मीटरकडे बोट केलं. निघताना तिनं त्यातलं एका फेरीपुरतं मोजणारं छोटं मीटर शून्यावर आणलं होतं. आता सत्तेचाळीस होतं.

"आता इथून पुढे तुम्हालाही रस्ता नवीन," ती म्हणाली आणि गिअर टाकला. सवादोन वर्षं ज्या घाटाच्या गोष्टी सांगितल्या तो घाट मला पहिल्यांदा दिसत होता, आणि तो मी सांगितल्यापेक्षा बरा होता. मला फार बरं वाटलं. तळं काही सापडलं नाही.

परत आलो तेव्हा सेक्रेटरी फाटकापाशीच भाजीची पिशवी घेऊन उभे होते. "कुठे जाऊन आलात?"

मी खरं तेच सांगितलं. घाटात गेलो, तळं शोधलं, मिळालं नाही, चहा प्यायलो, आलो.

"एवढंच?" सेक्रेटरींचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि जायला वळले.

मला राहवेना. "येताना पुलावर धुकं होतं," मी म्हणालो.

सेक्रेटरी थांबले. पिशवी त्यांनी खाली ठेवली. "किती?"

मी तोंड उघडणार तोच मागून गाडीला कुलूप लावता लावता बायको म्हणाली, "विचारू नका! मला तर दिवे लावावे लागले."